सुई टोचून घेण्याआधी

जांब समर्थ, कुंभार पिंपळगाव, तीर्थपुरी या पट्ट्यातल्या वाचकांशी बोलताना एक प्रश्न फिरून फिरून येतो, आणि दर वेळी अर्धवटच येतो : "ते सुईवालं खरं असतं का हो?" जरा खोदून विचारलं की कळतं, एकाला अ‍ॅक्युपंक्चरबद्दल विचारायचं असतं, दुसऱ्याला जत्रेत घेतलेल्या काटेरी लाकडी रोलरबद्दल, आणि तिसऱ्याच्या खिशात कुणीतरी 'चायनीज हर्बल' म्हणून दिलेली पुडी असते. त्यात आपल्याकडे इंजेक्शनलाही 'सुई'च म्हणतात. "डॉक्टरनं सुई दिली" याचा अर्थ गाव बदललं की बदलतो.

दुखणी मात्र ठरलेली. कापूस वेचून वाकलेली कंबर, मोसंबीची कॅरेट उचलून आखडलेली मान, चुलीपुढून उठताना कुरकुरणारे गुडघे, महिन्यातून दोनदा चढणारी अर्धशिशी. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाच्या समासात समर्थ रामदासांनी देहाच्या दुखण्यांची भलीमोठी यादीच दिली आहे. त्यांच्या जन्मगावच्या, जांबच्या, लोकांनी या विषयावर इतके प्रश्न विचारावेत, यात नवल नाही.

सुई कुठे टोचतात यापेक्षा कोण टोचतं आणि टोचताना तुम्हाला काय सोडायला सांगतं, हे पाहा. बिघडलेल्या बहुतेक प्रकरणांत सुईनं काही केलेलं नसतं. "आता गोळ्या बंद करा" या चार शब्दांनी केलेलं असतं.

आधी ठरवा : समोर कोणती सुई आहे?

- अ‍ॅक्युपंक्चर : केसासारख्या बारीक, भरीव सुया ठरावीक बिंदूंवर टोचून वीस-तीस मिनिटं तशाच ठेवतात. सुईतून कोणतंही औषध आत जात नाही. काही जण सुयांना क्लिपा लावून बारीक विजेचा झटका देतात, ते इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर.
- ड्राय नीडलिंग : सुई तीच, पण टोचणारे फिजिओथेरपिस्ट असतात आणि चिनी बिंदूंऐवजी स्नायूतली गाठ शोधून टोचतात.
- विद्धकर्म : हे आयुर्वेदातलं, सुश्रुतांच्या परंपरेतलं. वैद्य करतात, सुई क्षणभर टोचून काढतात. चीनशी संबंध नाही.
- अ‍ॅक्युप्रेशर आणि सुजोक : सुईशिवाय दाब. बोटांवर मेथीचे दाणे चिकटपट्टीनं लावून देतात ते सुजोक, मूळचं कोरियाचं.
- कपिंग आणि मोक्सा : कपिंग म्हणजे आपल्या आजीची तुंबडी, आता काचेची किंवा प्लास्टिकची, पंप लावलेली. मोक्सा म्हणजे वाळलेल्या वनस्पतीची कांडी पेटवून बिंदूला शेक देणं. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली, त्यामुळे खोलीत शिरताच चैत्रातल्या देवळाची आठवण होते. वासावर जाऊ नका. भाजण्याचा धोका खराच असतो.

नाव विचारायला संकोच वाटू देऊ नका. "तुम्ही करता ते नेमकं काय म्हणायचं?" एवढा प्रश्न पुरे. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तिथेच चप्पल घाला.

कोणत्या दुखण्याला करून पाहावं

इथे जगभरच्या जाणकारांचंच एकमत नाही. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेनं जानेवारी 2020 पासून जुन्या कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेनं 2016 मध्ये त्याच कंबरदुखीला 'देऊ नका' म्हटलं होतं. तिनंच 2021 मध्ये दुसरा कोणताही आजार कारणीभूत नसलेल्या जुनाट वेदनेसाठी 'विचार करता येईल' असं सांगितलं, आणि 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेला पुन्हा 'देऊ नका'.

गोंधळाचं कारण समजायला सोपं आहे. चाचण्यांत निम्म्या रुग्णांना खरी सुई टोचतात, निम्म्यांना नुसता टोचल्याचा आभास देतात. आराम दोन्हीकडे पडतो. खऱ्या सुईवाल्यांना थोडा जास्त, पण थोडाच. हा थोडा फरक एकाला पुरेसा वाटतो, दुसऱ्याला नाही.

तुमच्या निर्णयापुरतं यातून काय घ्यायचं?

- तीन महिन्यांपेक्षा जुनी कंबर-मान-खांदेदुखी, ताणामुळे होणारी डोकेदुखी, वरचेवर येणारी अर्धशिशी : डॉक्टरांनी तपासून गंभीर कारण नाही असं सांगितलं असेल, व्यायाम-गोळ्यांनी पुरेसा आराम नसेल किंवा गोळ्या पोटाला सोसत नसतील, तर करून पाहायला हरकत नाही.
- गुडघ्याची झीज : आधी मांडीचे व्यायाम आणि वजन. पैसे मोजकेच असतील तर सुईवर घालू नका.
- केमोथेरपी किंवा शस्त्रक्रियेनंतरची मळमळ : उलटीच्या औषधांच्या जोडीला उपयोग होतो. औषधांच्या जागी नाही.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, मूतखडा, मूल न होणं, वजन : यांच्या 'खात्रीशीर कोर्स'च्या पाट्या तुम्ही बघता. त्या पाटीखालून निमूट पुढे जा.

इथे सुई नाही, गाडी बोलवा

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही पक्षाघाताची लक्षणं. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही आधी मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. आपल्याकडे हे तास 'अमक्या गावच्या सुईवाल्याकडे' जाण्यात निघून जातात. 108 लावा. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी, फिजिओथेरपी चालू ठेवून, सुईचा विचार करायचा तर करा.

खालच्यापैकी काही दिसलं तरी आधी दवाखाना :

- कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं
- आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक, जोरदार डोकेदुखी
- दुखण्याबरोबर ताप, वजन घटणं किंवा रात्रीची झोपमोड
- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम

टोचणाऱ्याची पारख

महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे : महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, 2015. त्याखाली महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद काम करते आणि उपचारकांची नोंदवही ठेवते. पश्चिम बंगालनं असा कायदा त्याआधीच केला होता. केंद्र सरकारनं फेब्रुवारी 2019 मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणजे ही विद्या बेकायदा नाही. पण 'सात दिवसांत शिका' छापाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून कुणीही टोचायला बसावं, अशीही मोकळीक नाही.

भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा फोटो असेल तर त्यानंही भारावून जाऊ नका. सोलापूरचे कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, हे खरं. पण ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं त्यांच्याच पथकातल्या बिजॉयकुमार बसूंनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, कलकत्त्यात. कोटणिसांचं नाव पुण्याईचं आहे, नोंदणीचं नाही.

जाण्याआधी फोनवरच विचारा :

- परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? (टाळाटाळ झाली की फोन ठेवा.)
- सुया एकदाच वापरायच्या आहेत का? माझ्यासमोर पाकीट फोडाल का?
- एका सिटिंगचे किती, साधारण किती सिटिंग, आणि पैसे दर वेळी की आगाऊ?
- माझ्या चालू गोळ्यांचं काय करायचं?

शेवटच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे : "चालू ठेवा, कमी-जास्त करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील."

पहिल्या सिटिंगला

उपाशीपोटी जाऊ नका. जांबहून पहाटेची गाडी धरून, चहावर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्यांना टेबलावर चक्कर येते आणि ती 'सुई लागू पडली' म्हणून खपवली जाते. भाकरी खाऊन जा. सैल कपडे घाला. चालू औषधांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पिशवीच बरोबर न्या.

काही गोष्टी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगा : गर्भ राहिलाय किंवा तशी शंका आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, पेसमेकर आहे (मग वीज लावायची नाही), फिट येते, मधुमेह आहे. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असेल तर तळपायाला सुई आणि मोक्साचा शेक दोन्ही नको. भाजलेलं कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते.

आता सुईचं पाकीट नीट बघा. कागद आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटवलेलं छोटं पाकीट असतं. त्यावर निर्जंतुकीकरणाची खूण, मुदतीची तारीख, आणि एका गोलात '2' हा आकडा तिरकी रेघ मारून खोडलेला. त्या खोडलेल्या दोनाचा अर्थ : दुसऱ्यांदा वापरू नका. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ही खूण ओळखता येते. पाकीट फुटल्याचा 'टर्रक' आवाज तुमच्या कानावर पडला पाहिजे. स्पिरिटच्या वाटीत बुडवलेल्या सुया कुणी उचलल्या तर उठा. स्पिरिटनं कावीळ ब आणि क चे विषाणू मरतीलच, याची खात्री नसते. वापरलेल्या सुया टाकायला न फुटणारा पांढरा डबा असावा लागतो, केराची बादली नव्हे.

टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं. मग त्या जागी जडपणा, ठणक, झिणझिण्या. चिनी उपचारक याला 'दे-ची' म्हणतात आणि ते लक्षण चांगलं मानतात. वीज चमकल्यासारखी कळ गेली तर मात्र लगेच बोला, सुई मज्जातंतूला लागत असेल.

एक स्वतःचा अनुभव. मानेसाठी मी एका ठिकाणी जात असे. ठिकाणाचं नाव सोडून देतो. एका सिटिंगला टोचताना मी सहज मोजल्या, सोळा. काढताना ट्रेमध्ये पडल्याचे आवाज मोजले, पंधरा. "सगळ्या निघाल्या," मदतनीस म्हणाला. घरी येऊन केसांतून हात फिरवला तर सोळावी कानामागे, केसांत. इजा काही झाली नाही, पण त्या रात्री मी उशीवर डोकं टेकलं असतं, हा विचार आजही सुखाचा नाही. तेव्हापासून माझा नियम : आत किती, बाहेर किती, हे मोठ्यानं मोजायला सांगायचं. कुणी रागावत नाही. रागावलं तर ते ठिकाण आपलं नव्हेच.

घरी आल्यावर थोडं काळं-निळं पडणं, दिवसभर सुस्ती हे चालतं. पण छाती, पाठ किंवा खांद्यावर सुया टोचल्या असतील आणि त्यानंतरच्या काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, तर सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागली असण्याची शक्यता असते. असं क्वचित होतं, पण झालं तर वाट पाहायची नाही. मोठ्या दवाखान्यात जाऊन छातीचा एक्स-रे काढून घ्या आणि सुई टोचली होती हे सांगा. लपवू नका, डॉक्टर रागावले तरी चालतील.

किती सिटिंग? आण्यांत हिशेब ठेवा

सुईवर लोक बुडतात ते इथे. "अजून दहा घ्या, मुळापासून जाईल." मग अजून दहा.

वर सांगितलेल्या अमेरिकी योजनेचा नियम इथे कामाचा आहे : नव्वद दिवसांत बारा सिटिंग, सुधारणा दिसली तरच आणखी आठ, नाहीतर बंद. ब्रिटनमध्ये ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा. तुम्ही याहून कडक राहा. सहा सिटिंग घ्या आणि थांबून हिशेब करा.

हिशेब कसा? आपल्याकडे जुनी माणसं अजून सांगतात, "रुपयात चार आणे फरक आहे." ही मोजपट्टी उत्तम आहे, फक्त ती तोंडी न ठेवता कॅलेंडरवर लिहा. सुरू करण्याच्या दिवशीचं दुखणं सोळा आणे धरा. रोज झोपताना दोनच गोष्टी टिपा : आज दुखणं किती आणे, आणि आज कोणतं काम किती वेळ जमलं. "दोन ओळी कापूस वेचून बसावं लागलं", "दळणाचा डबा एकटीनं आणला". आकडा मनाच्या समाधानासाठी कमी लिहिला जातो; डबा खोटं बोलत नाही.

सहा सिटिंगनंतर दुखणं बारा आण्यांच्या खाली आलं नसेल आणि कामही वाढलं नसेल, तर पुढचे पैसे वाचवा. आणि हिशेबात फी एकटी धरू नका. समजा सिटिंगचे तीनशे; पण जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाचा खाडा मिळून ते हजाराच्या घरात जातं. तेवढ्या पैशांत काय काय झालं असतं ते घरातल्या बाईला विचारा, ती लगेच सांगेल.

आगाऊ 'पॅकेज' भरू नका. वीस टक्के सूट म्हणजे उरलेले ऐंशी टक्के अडकवण्याची सोय.

घरच्या घरी, फुकट

एसटीत मळमळणाऱ्यांसाठी एक बिंदू शिकून ठेवा. हात उताणा करा. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तिसरं बोट संपतं तिथे, मधोमध, दोन ताठ दोऱ्यांसारखं जाणवतं. त्या दोऱ्यांमधल्या खोबणीत अंगठ्यानं दाबा. दोन-तीन मिनिटं, मग दुसरा हात. प्रवासाच्या मळमळीत प्रत्येकाला गुण येईल असं नाही, पण नुकसान काही नाही. गर्भारपणातल्या मळमळीलाही हा चालतो.

अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू डोकेदुखीसाठी दाबतात. हा मात्र गर्भवतींनी दाबू नये असा संकेत आहे, तो पाळा.

काटेरी चपला, रोलर, चुंबकाची कडी : पायाला बरं वाटत असेल तर रोलर फिरवा. मधुमेहींनी काटेरी चपला अजिबात घालू नयेत.

पुड्या, चहा आणि काळे पडणारे पॅच

चिनी वनौषधींना कमी लेखायचं कारण नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथल्याच एका वनस्पतीतून निघालं आणि त्यासाठी तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण ते जुना ग्रंथ वाचून, अर्क काढून, तपासून, मात्रा ठरवून मिळालं. पुडीत बांधून नव्हे. उलटही घडलं आहे : 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एक चिनी वनस्पती चुकून पडली, अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना कर्करोगही झाला.

आपल्या कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा औषधांच्या परवान्याची सोय आहे. चिनी पारंपरिक औषधांसाठी तसा वेगळा वर्ग नाही. म्हणून डबीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख नसेल तर ती घेऊ नका.

गुडघ्याच्या बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत उड्या मारायला लागलात, भूक वाढली, चेहरा गोल झाला, साखर चढली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलं असण्याचा दाट संशय घ्या. अशी पुडी महिनोन् महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, ते धोक्याचं असतं. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

आणि रात्री तळपायाला लावून सकाळी काळा होणारा 'विष शोषणारा' पॅच? त्यावर चहाच्या भांड्याची वाफ धरा. तसाच काळा होतो. भांड्यात विष नव्हतं.

पैसे कोण देणार, तक्रार कुठे

महात्मा फुले जनआरोग्य योजना दवाखान्यात भरती होऊन होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी आहे. सुईच्या सिटिंगला तिचा उपयोग नाही. खासगी विम्यात 'आयुष' लिहिलेलं असलं तरी त्या अक्षरांत अ‍ॅक्युपंक्चर येत नाही. विमा एजंट "येतं येतं" म्हणाला तर लेखी मागा.

तुमचे हक्क थोडक्यात : उपचाराआधी धोके समजावून घेण्याचा, मध्येच नको म्हणण्याचा, काय उपचार केले याची लेखी नोंद आणि पावती मिळण्याचा. बायकांना तपासताना सोबत बाई असावी, हेही हक्कानं सांगा.

- नोंदणी नसलेला माणूस टोचतो आहे : तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, एक प्रत अ‍ॅक्युपंक्चर परिषदेला.
- संशयास्पद पुडी किंवा डबी : अन्न व औषध प्रशासन, टोल फ्री 1800222365. उरलेली पुडी फेकू नका, तोच पुरावा.
- मधुमेह, कर्करोग, पक्षाघात बरा करण्याची जाहिरात : 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं तिला बंदी आहे. पाटीचा फोटो तारखेसह काढून ठेवा, तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडेच.
- इजा झाली, पैसे अडकले : आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मग जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही.

यासाठी कागद लागतात, आणि गावाकडे पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं वाटून माणसं गप्प बसतात. तसं अवघड वाटत असेल तर रोख देऊ नका. मोबाइलवरून पैसे पाठवा आणि शेरा लिहिण्याच्या जागी 'सुई, सिटिंग 3' एवढं टाका. तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव आपोआप नोंदलं जातं.